गोळीबाईच्या घरचं रक्त

तिचं खरं नाव आरोग्य केंद्राच्या पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळ्यांसाठी ती गोळीबाई. केंद्राच्या पडवीत एक टेबल, टेबलावर पाण्याचा जग, स्टीलचे पेले आणि लोहाच्या गोळ्यांचा डबा. मंगळवारी ती त्या टेबलामागे बसली की समोर बायकांची रांग लागायची, आणि शेजारच्या रस्त्यानं जाणाऱ्या पुरुषांनाही उगाचच आपण काहीतरी चुकवतोय असं वाटायचं.

इतर ठिकाणच्या नर्सबाया गोळ्यांची पाकिटं हातात देतात आणि पुढचीला हाक मारतात. गोळीबाईचा असल्या कारभारावर विश्वास नव्हता. तिच्याकडे पहिली गोळी तिच्यासमोर गिळायची. मग तोंड उघडायचं, जीभ वर करायची, गालफडं दाखवायची. गेल्या आठवड्याचं रिकामं पाकीट टेबलावर ठेवायचं. आणि शेवटी, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तिचा ठरलेला प्रश्न यायचा, "काळी होते का?"

लोहाच्या गोळीनं शौचाला काळी होते. जी गोळ्या फेकून देते तिला हे ठाऊक नसतं. "काय काळी?" म्हणून जिनं डोळे मोठे केले ती सापडली, आणि मग तिची धडगत नसायची. नव्या सुना लाजून लाल व्हायच्या. "बघा, लाजायला तरी रक्त आहे अजून," असं गोळीबाई म्हणायची, आणि रांग हसायची. पुढेपुढे जुन्या बायका नव्यांना आधीच पढवून ठेवू लागल्या, त्यामुळे या प्रश्नाची धार थोडी गेली होती. पण गोळीबाईनं तो सोडला नाही.

तिला हसण्यावारी नेऊ नये. तिची आई धाकट्या भावाच्या जन्मानंतर गेली, तेव्हा ती शाळेत होती. जमलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या की अंगात रक्तच नव्हतं बिचारीच्या. ते वाक्य तिनं ऐकलं आणि जन्मभर पोटाशी धरलं. बापाचं लक्ष घरात कधी नव्हतंच. भावाला तिनंच वाढवलं. त्याचं दूध, त्याची शाळा, त्याचे गुडघे फुटणं, सगळं तिच्या अंगावर. नर्सचं शिक्षण घेतलं, नोकरी धरली, लग्नाचं कुणी विचारलं तर "आधी हा मार्गी लागू दे" म्हणत राहिली, आणि तो मार्गी लागला तोवर विचारणारे संपले. याचं तिला वाईट वाटायचं की नाही हे तिनं कुणाला कळू दिलं नाही. तिच्या टेबलावरून गेलेल्या किती बायका धडपणे बाळंत झाल्या हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि कुणी ठेवलंही नसतं, कारण ते बोट तिनं परत दिलं नसतं.

भाऊ पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यात पंप दुरुस्त करायला गेला आणि तिथे काम करणारी एक मुलगी त्याला आवडली. घाबरत घाबरत त्यानं ताईला सांगितलं. गोळीबाई मुलगी बघायला गेली. घरचं विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. मुलीला उजेडात उभं केलं, अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली आणि आत बघितलं. लालबुंद होती. "चालेल," म्हणाली. हा किस्सा भाऊ मित्रांना रंगवून सांगायचा.

लग्नानंतरही भावजयीनं कारखान्याचं काम सोडलं नाही. ओतलेले पाइप अंगणात रांगेनं उभे असतात. ते लगेच वाळू दिले तर तडकतात, म्हणून त्यांच्यावर गोणपाट गुंडाळून दिवसभर पाणी मारत राहायचं. पाणी मारायच्या कामाला बाया असत. हातात नळी, पायात रबरी चपला, आणि पाइपांच्या बुडाशी, हौदांत, फुटक्या साच्यांत साचलेलं स्वच्छ पाणी. ऊन उतरलं की त्या पाण्यावरून डास उठायचे. बाया पदरानं वारत काम करायच्या. डास काय, सगळीकडेच असतात, असंच सगळ्यांना वाटायचं.

वर्षभरात भावजय उतरली. जिना चढताना थांबायला लागली, ओठ फिके पडले. गोळीबाईनं केंद्रात नेऊन बोटातून रक्त काढलं. कमी होतं. त्यात काय, असल्या शेकडो बायका तिनं उभ्या केल्या होत्या. गोळी सुरू केली. महिन्यानं परत रक्त बघितलं तर आणखी कमी. पाकिटं मात्र वेळच्या वेळी रिकामी होत होती. पुढच्या महिन्यात तेच.

भावजय कमी बोलायची, पण सांगायचं ते तिनं सांगितलं होतं, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. एकदा भाजी चिरताना ती म्हणाली, "वन्सं, संध्याकाळी अंग कसकसतं माझं."

"दिवसभर ओल्यात उभी राहतेस, कसकसणारच." तरीही गोळीबाईनं दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटर लावला. ताप नव्हता. विषय संपला.

"डावीकडे बरगडीखाली जड जड वाटतं."

"गोळीनं होतं पोटात थोडं. नाटकं नकोत."

मग एक दिवस नणंद पाकीट उजेडात धरून बघतेय हे पाहून ती हळूच म्हणाली, "मी घेते हो गोळी. रोज घेते. काळी होते."

गोळीबाई हसली. "हे उत्तर मीच सगळ्यांना शिकवलंय."

खरं सांगायचं तर हीच बाई दुसऱ्या कुणाची भावजय असती, तर गोळीबाईनं थोडा विचार केला असता. निदान कुणाला तरी विचारलं असतं. पण हे तिच्या घरातलं होतं. केंद्रातला कंपाउंडर चहा पिताना म्हणाला होता, "काय हो, गोळीबाईच्याच घरात रक्त नाही म्हणतात." तो गमतीनं म्हणाला. रांगेतल्या बायकांनी ते उचललं. समोर कुणी बोलत नव्हतं, पण ती आली की बोलणं थांबायचं, आणि थांबलेलं बोलणं कशाबद्दल होतं हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. गोळी चुकणार नाही. म्हणजे भावजय चुकते आहे. ती मला सगळ्यांत हसं करते आहे. हा हिशेब तिनं मनात एकदा मांडला आणि परत तपासला नाही.

पुढच्या मंगळवारी तिनं भावजयीला कामावर जाऊ दिलं नाही. सगळ्यांबरोबर रांगेत उभं केलं. तिची पाळी आली तेव्हा पडवी भरलेली होती.

"गोळी रोज घेतेस?"

"घेते, वन्सं."

"इथे वन्सं कुणी नाही. रोज घेतेस?"

"घेते."

"मग रक्त कुठे जातं? विकतेस?"

रांग हसली. भावजय टेबलावरच्या पेल्याकडे बघत राहिली.

"बघा गं सगळ्या," गोळीबाई म्हणाली, "ही माझी सख्खी भावजय. घरात गोळ्यांचा डबा, नणंद नर्स, आणि ही अशी पांढरीफटक. पाकीट बरोबर रिकामं आणून दाखवते हं. कुठे टाकतेस? मोरीत? का शेजारणीच्या कुंडीत?"

"मी टाकत नाही."

"म्हणजे मी खोटी?"

सगळ्यांदेखत भावजय नणंदेला खोटी कशी म्हणणार. तिनं मान खाली घातली. गोळीबाईनं गोळी तिच्या तळहातावर ठेवली, गिळायला लावली, तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली. आणि रांगेकडे बघत म्हणाली, "आता दुसरी. आजपासून दोन." भावजयीनं दुसरीही गिळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडली नाही. गोळीबाईला त्या दिवशी घरी जाताना हलकं वाटलं. आपण कठोर झालो ते तिच्या भल्यासाठीच, असं ती स्वतःला सांगत होती. पण हलकं वाटलं ते त्यामुळे नव्हतं. रात्री भाऊ बायकोची बाजू घेऊन तिच्याशी भांडला, पण ती ऐकायला तयार नव्हती.

काही दिवसांनी कारखान्याचा मुकादम भावाच्या दुकानात धावत आला. पाणी मारता मारता बाई पडली होती. नळी हातातच राहिली आणि पाणी तिच्याच अंगावर वाहत होतं. भावानं रिक्षा केली, मोठ्या दवाखान्यात नेलं, ताईला फोन लावला. ती पोचली तेव्हा काचपट्टीवर घेतलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली जाऊन आलाही होता. भाऊ खाली औषधं आणायला गेला होता. भावजय डोळे मिटून पडली होती. हाताला सलाईन होतं.

"मलेरिया आहे," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. तरुण होत्या, पण थकलेल्या, आणि बोलणं तुटक. "बरेच दिवसांचा. प्लीहा वाढलीय, डाव्या बरगडीखाली हाताला लागतेय."

"पण ताप नव्हता. मी बघितला होता."

"कधी?"

"सकाळी."

डॉक्टरीण बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं. "जिथे वर्षानुवर्षं डास चावतात तिथे पुष्कळांना धड ताप चढतच नाही. संध्याकाळी अंग कसकसतं. डाव्या बरगडीखाली जड लागतं. विचारलं तर सांगतात ते."

विचारलं तर. गोळीबाईला तर न विचारता सांगितलं होतं. तरी एक दोर अजून हातात होता, तो तिनं धरला. "रक्त कमी होतं तिचं. लोहाच्या गोळ्या घेऊनसुद्धा एखादीचं रक्त वाढत नाही, असं होतं का?"

"मलेरियात तसंच होतं. जंतू रक्तातल्या लाल पेशींत शिरतो आणि त्या फोडतो, हे तुम्हाला माहीतच असेल. पण त्याला वाढायला लोह लागतं, आणि शरीरालाही हे कळतं. मग यकृत रक्तातून एक निरोप पाठवतं. तो मिळाला की आतडं लोह आत घेणं बंद करतं. अंगात साठवलेलं असतं तेही रक्तात येत नाही. घरात चोर शिरला की आपण कोठीला कुलूप लावतो ना, तसं. चोर उपाशी राहावा म्हणून. पण कोठी बंद झाली की घरातली माणसंही उपाशीच. नवं रक्त करायला लोह मिळत नाही."

"म्हणजे अंगात लोह असतं?"

"असू शकतं भरपूर. वापरता येत नाही. आधी चोर बाहेर काढायचा. मलेरियाचं औषध पुरं करायचं, जंतू गेले की कुलूप आपोआप निघतं, मग गोळी लागू पडते. त्याआधी देऊन काय उपयोग?"

"आणि दिलेली गोळी?"

"दारापर्यंत जाते. दार बंद. मग सरळ खाली."

गोळीबाईनं विचारायला नको होतं, पण विचारलं. "काळी होते?"

"होणारच. जवळजवळ सगळं लोह तिकडेच जातंय. उलट काळी होत असेल तर बाई गोळी घेतेय हे नक्की."

गोळीबाईनं पलंगाच्या लोखंडी कडेला हात लावला. आयुष्यभर ज्या प्रश्नावर तिनं दुसऱ्यांचं खरंखोटं केलं, त्याचं खरं उत्तर तिच्या स्वयंपाकघरात, हळू आवाजात तिला मिळालं होतं. तिनं ते हसून उडवलं होतं. भर पडवीत तिनं या मुलीला खोटी ठरवली. आणि दुसरी गोळी. ही मुलगी रोज दोन गोळ्या बिनबोभाट गिळत राहिली, बंद दारावर. तिनं पलंगाकडे बघितलं. भावजयीचे डोळे उघडे होते. तिनं सगळं ऐकलं होतं.

काहीतरी बोलायला हवं होतं. गोळीबाई शब्द शोधत होती तेवढ्यात भाऊ औषधांची पिशवी घेऊन आत आला. त्याचा चेहरा घामानं भिजलेला होता. आल्याआल्या म्हणाला, "डॉक्टर, हिचं रक्त वाढत का नाही ते सांगा. ताई तिला रोज दोन-दोन गोळ्या देते."

डॉक्टरीण बाई वळल्या. "दोन? रक्त उतरतंय हे दिसत असताना? मलेरिया न बघता?" त्या गोळीबाईकडे बघत होत्या. "तुम्ही नर्स आहात ना?"

भाऊही तिच्याकडे बघू लागला. त्याला प्रश्न नीट कळला नव्हता. पण ताईला कुणीतरी जाब विचारतंय हे कळलं होतं, आणि बाहेरच्या कुणाला असं करताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"मी घेतच नव्हते गोळ्या," पलंगावरून आवाज आला. "टाकून देत होते."

डॉक्टरीण बाईंनी एकीकडून दुसरीकडे बघितलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. पलीकडच्या खाटेवरचं मूल कधीपासून रडत होतं. "ते तुमचं तुम्ही बघा. आत्ता लोह बंद. मलेरियाच्या गोळ्या वेळच्या वेळी," असं म्हणून त्या तिकडे गेल्या.

भाऊ बायकोकडे वळला. "ताई सांगत होती ते खरं होतं तर. आणि मी तुझी बाजू घेऊन तिच्याशी भांडलो." दवाखाना होता म्हणून त्याचा आवाज दबका होता. बायकोनं डोळे मिटले.

गोळीबाईचं एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर होतं आणि तिनं ते गिळलं. तिला लाज वाटत होती, पण लाजेच्या खाली, अगदी तळाशी, सुटल्यासारखंही वाटलं होतं. ते तिला स्वतःला कळलं आणि त्याची आणखी लाज वाटली.

भावजय घरी आली. तोवर भावानं शेजारीपाजारी सगळं सांगून टाकलं होतं. मंगळवारी गोळीबाई टेबलामागे बसली तर रांग तिची वाटच बघत होती. "कबूल केलं म्हणे तुमच्या भावजयीनं," पहिलीच म्हणाली. "तुमच्या नजरेतून कुणी सुटतं का?" दुसरी म्हणाली, "घरच्या माणसालाही सोडलं नाहीत हो, असं पाहिजे." कंपाउंडर आतून चहा घेऊन आला आणि न मागता कप टेबलावर ठेवून गेला. गोळीबाईनं मान हलवली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

त्या दिवशी तिनं तो प्रश्न कुणाला विचारला नाही. ज्यांचं रक्त वाढत नव्हतं अशा बायकांना ती विचारत होती की संध्याकाळी अंग कसकसतं का, डावीकडे जड लागतं का, आणि हो म्हणेल तिला काचपट्टीवर रक्त द्यायला आत पाठवत होती. बायका चकित झाल्या. काम तिनं चोख केलं, त्यात वाद नाही. म्हणजे चूक गुपचूप दुरुस्त केली आणि चूक झाली एवढं मात्र सांगितलं नाही. आपण बहुतेक जण असंच करतो आणि रात्री झोपतोही. गोळीबाईला झोप येत नव्हती.

तरीही ती किती दिवस तशीच राहिली असती सांगता येत नाही. एका संध्याकाळी ती कामावरून आली. चपला काढता काढता आतल्या खोलीतला भावाचा आवाज तिच्या कानावर आला. मलेरियाच्या औषधाची वेळ होती.

"गिळलीस?"

"गिळली."

"तोंड उघड. जीभ वर कर."

गोळीबाई एक चप्पल हातात धरून उभी राहिली. भाऊ रागीट नव्हता. लहानपणी पाखराचं पिल्लू सापडलं तर बुटाच्या खोक्यात ठेवून रात्रभर जागणारा मुलगा होता तो. हे त्यानं कुठून घेतलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

भाऊ दुकानाचं कुलूप बघायला गेला तेव्हा ती आत गेली. भावजय उशीला टेकून गव्हातले खडे निवडत होती. ओठांना थोडा रंग येऊ लागला होता.

"का खोटं बोललीस तू दवाखान्यात?"

भावजयीनं सुपातली बोटं थांबवली नाहीत. "जाऊ द्या, वन्सं."

"नाही. मला बोलायला हवं होतं, मी बोलले नाही. पण तू का?"

"तुम्हाला वाटलं असेल मी तुम्हाला वाचवलं." ती शांतपणे बोलत होती, त्यात टोमणा नव्हता. "तसं काही नाही. तुम्ही माझ्यामुळे यांच्यासमोर खोट्या ठरला असतात, तर मला ते या घरात रोज भरून द्यावं लागलं असतं. मी खोटी ठरले तर काय, एकदाच. आणि ती तर मी आधीच ठरले होते."

ती खडे निवडत राहिली. गोळीबाई तिथेच बसून राहिली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे तिनं अनेकदा ऐकलं होतं, दुसऱ्यांना तसं व्हायलाही लावलं होतं. ही मुलगी या घरात कशाच्या भीतीनं राहत होती ते तिला आज कळलं. ती भीती म्हणजे आपणच, हे कळल्यावर तिला त्या मुलीकडे बघवेना.

जेवायला तिघं बसली. भावजय आजारातून उठलेली म्हणून वाढायला गोळीबाई होती. वाढून झाल्यावर ती भावासमोर बसली आणि घास न घेता म्हणाली, "हिनं एकही गोळी टाकली नव्हती. सगळ्या घेतल्या. मलेरियामुळे त्या लागू पडत नव्हत्या. चूक माझी होती."

भाऊ जेवता जेवता हसला. "ताई, पुरे आता. तिची बाजू घेऊ नकोस."

"मी खरं सांगतेय."

"तू आयुष्यभर हेच केलंस. माझ्या शाळेतल्या खोड्याही स्वतःच्या अंगावर घ्यायचीस." त्यानं बायकोकडे बघितलं. "बघ, जिला तू फसवलंस ती तुझ्यासाठी खोटं बोलतेय. लाज वाटू दे थोडी."

गोळीबाईला आपल्या कानांवर विश्वास बसेना. तिचं नाव इतकं चांगलं होतं की तिचा गुन्हासुद्धा तिच्या नावावर जमा होईना, तो परत त्या मुलीच्याच पदरात पडत होता. म्हणजे आता आणखी सांगावं लागणार होतं. जे सांगायचं नव्हतं तेच.

"ऐक," ती म्हणाली. "तू औषधं आणायला गेला होतास तेव्हा डॉक्टरीण बाईंनी मला सगळं समजावून सांगितलं. हिनं गोळ्या घेतल्या होत्या हे मला तेव्हाच कळलं. तू आलास, ही खोटं बोलली, तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत होतं. तू तिला बोललास ते मी ऐकत उभी राहिले."

भावाचा हात ताटात थांबला. "मग बोलली का नाहीस?"

तिला भीती वाटली असं सांगता आलं असतं. गोंधळले असंही सांगता आलं असतं. "बरं वाटलं म्हणून," ती म्हणाली. "माझ्यावरचं टळलं, म्हणून बरं वाटलं."

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. तिनं वाढवलेल्या या मुलाच्या चेहऱ्यावर तिनं ताप पाहिला होता, राग पाहिला होता, तिच्यावरचा रुसवाही पाहिला होता. आपल्याला ओळखण्याचा प्रयत्न करणारा त्याचा चेहरा तिनं आज पहिल्यांदा पाहिला, आणि नजर खाली न घेता तो सोसला. मग तो बायकोकडे वळला.

"हे खरं आहे?"

भावजयीनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं गोळीबाईकडे बघितलं. हो म्हणू का, एवढंच त्या नजरेत होतं.

"सांग," गोळीबाई म्हणाली. "खरं ते सांग."

भावजयीचे ओठ हलले, पण डोळे गोळीबाईच्या चेहऱ्यावरच होते. बोलल्यावर त्या चेहऱ्याचं काय होईल ते ती बघत होती. गोळीबाईला ते समजलं. ती भरल्या ताटावरून उठली, बाहेर अंगणात गेली आणि जाताना तिनं मागे दार ओढून घेतलं, म्हणजे आत तिला बोलता येईल.